सोलरच्या ॲपचे खाते कोणाच्या नावावर आहे?

चोपडा तालुक्यातील एका केळी उत्पादकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून त्यांच्या घरावर ३ किलोवॅटचे सोलर बसले. इन्व्हर्टरचे (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राचे) ॲप मोबाईलचे लोकेशन आणि घरच्या वायफायचा पासवर्ड मागते, शेतातील सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड आहे, घराला नुकतेच स्मार्ट मीटर लागले आहे, आणि केळीच्या पानावर डाग दिसला की ते एआयच्या ॲपला फोटो दाखवून सल्ला घेतात. पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाचे म्हणणे असे की ही सारी माहिती परदेशात जाते, आणि एआयला इतकी वीज लागते की आपल्या छतावरच्या सोलरवर पाणीच फिरते. तेव्हा हे सगळे बंद करून टाकावे का?

मी विद्युत अभियंता आहे. सातपुड्यातील पाड्यांवर सौर दिवे बसवण्यापासून सुरुवात केली, त्याला आता २२ वर्षे झाली. सध्या माझा बहुतेक वेळ जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दुसऱ्यांनी बसवलेले संच तपासण्यात जातो. माझ्या मते यात बंद करण्यासारखे फारसे काही नाही. मात्र आजच्या आज करण्यासारखे एक काम आहे, आणि ते मुलाच्या यादीत नाही. तुमच्या इन्व्हर्टरचे ऑनलाइन खाते कोणाच्या नावावर उघडले आहे, ते आधी पाहा. मी तपासलेल्या निम्म्याहून अधिक घरांत ते घरमालकाच्या नावावर नव्हते.

त्याकडे जाण्यापूर्वी इन्व्हर्टरला नेमके काय ठाऊक असते ते समजून घेऊ, कारण भीती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरी नसलेल्या आणि थेट महावितरणच्या लाईनला जोडलेल्या, इन्व्हर्टरला फक्त दोन बाजू दिसतात. एका बाजूने पॅनेलमधून किती करंट आणि व्होल्टेज येते, आणि दुसऱ्या बाजूने महावितरणच्या लाईनचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किती आहे. हे आकडे तो साधारण दर पाच मिनिटांनी त्याला जोडलेल्या डाँगलमधून, म्हणजे इंटरनेटशी जोडणाऱ्या छोट्या डबीतून, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. घरात तुम्ही किती वीज वापरली, गिझर केव्हा लावला, पिठाची गिरणी किती वेळ चालली, यातले त्याला काहीही कळत नाही. तुमच्या छतावर ऊन किती पडले एवढेच त्यातून कळते, आणि चोपड्यात एप्रिलमध्ये ऊन किती पडते हे लपवण्यासारखे गुपित नाही.

चित्र बदलते ते मुख्य वायरीभोवती सीटी नावाची, करंट मोजणारी एक छोटी कडी बसवली की, किंवा बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला की. मग घराचा वापरही आलेखावर येऊ लागतो. मागच्या हिवाळ्यात एका ग्राहकाच्या ओसरीवर बसून मी त्यांचाच आलेख त्यांना वाचून दाखवला. रात्रभर दर वीस-पंचवीस मिनिटांनी शे-दीडशे वॅटचा एकसारखा उंचवटा येत होता, तो फ्रीज. पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी दोन हजार वॅटची सरळ भिंत उभी राहून वीस मिनिटे सपाट चालली, तो गिझर. सकाळी साडेसहाला एक अगदी टोकदार काटा आणि त्यामागे एक सलग रेघ, ती टाकीत पाणी चढवणारी मोटार. त्याआधीच्या आठवड्यात मात्र तीन दिवस फ्रीजच्या उंचवट्यांखेरीज काहीच नव्हते. “घरी कोणी नव्हते ना?” असे मी विचारले, तेव्हा गृहस्थ हसले आणि म्हणाले की दत्तजयंतीला सगळे सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. मला ते विचारायची गरज नव्हती, आणि ज्याच्या हातात ते खाते असेल त्यालाही विचारायची गरज पडली नसती.

ही कला नवी नाही. विजेच्या एकाच जोडणीवरून घरातील उपकरणे ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात विकसित केली, आणि याच तंत्राने घरावर पाळत ठेवता येईल हा इशारा त्यांनी स्वतःच १९८९ मध्ये एका लेखातून दिला होता. तेव्हा मोजमाप आणि विश्लेषण दोन्ही कष्टाचे काम होते. आता तेच काम एआय काही क्षणांत आणि हजारो घरांसाठी एकदम करू शकते, इतकाच फरक पडला आहे, पण तो लहान नाही.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या दृष्टीने पहिलीपेक्षा गंभीर आहे. माहिती ज्या वाटेने वर जाते त्याच वाटेने आदेश खाली येऊ शकतो. सॉफ्टवेअर अपडेट करणे, इन्व्हर्टर चालू-बंद करणे, किती व्होल्टेजला लाईनपासून सुटायचे ती मर्यादा बदलणे, हे सर्व दूरवरून करता येते. आणि ते करता येणे उपयोगाचेही आहे, नाहीतर प्रत्येक छोट्या बिघाडासाठी जळगावहून माणूस पाठवावा लागला असता. पण बघण्याची परवानगी आणि चालवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कोणी ग्राहकाला सांगत नाही. २०२४ मध्ये बिटडिफेंडर या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जगभर वापरल्या जाणाऱ्या सोलर व्यवस्थापनाच्या प्रणालींमधील त्रुटी जाहीर केल्या. त्यांतून इतरांची खाती ताब्यात घेणे आणि इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलणे शक्य होते, आणि एका ठिकाणी तर प्रणालीतच कायमचे लिहून ठेवलेले खाते होते, ज्याचा पासवर्ड होता १२३४५६. त्या त्रुटी नंतर दुरुस्त करण्यात आल्या. तरीही तो आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

एखादे घर असे कोणाच्या हाती गेले तर दिवसाला दहा-बारा युनिटचे नुकसान होईल, फार मोठे नाही. पण हिशेब असा करून पाहा. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. ३ किलोवॅटची सुमारे ४२ हजार छते एकत्र केली की क्षमतेने एक साक्री होते. साक्रीच्या प्रकल्पाला कुंपण, पहारा आणि नियंत्रण कक्ष आहे. ४२ हजार छतांचा नियंत्रण कक्ष मात्र एखाद्या कंपनीचा सर्व्हर असतो. भर दुपारी ती सगळी छते एकदम बंद झाली तर त्याचा धक्का ग्रिडला बसतो. म्हणून सर्व्हर कोणत्या देशात आहे, हा तुमच्या मुलाचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. तो योग्य आहे, फक्त तो सरकारने आणि वीज यंत्रणेने सोडवायचा आहे. चोपड्यात बसून तुम्ही एकट्याने डाँगल उपटला म्हणून तो सुटत नाही.

तुमच्या हातात जे आहे ते आता सांगतो. व्हेंडर संच बसवतो, त्याच दिवशी त्याचा मुलगा किंवा कामगार आपल्या मोबाईलवरून इन्व्हर्टर ऑनलाइन करतो. घाई असते, घरात वडीलधाऱ्यांकडे साधा फोन असतो, ओटीपीची कटकट नको असते, म्हणून तो आपल्याच खात्यात तुमचा प्लँट, म्हणजे संच, जोडतो आणि तुम्हाला फक्त बघण्याची लिंक देतो, किंवा आपलाच पासवर्ड सांगून मोकळा होतो. एका व्हेंडरकडील काम सोडून गेलेल्या तरुणाने मला त्याचा फोन दाखवला होता. त्यात साठहून अधिक घरे होती. प्रत्येकाचे नाव, गाव, मोबाईल क्रमांक, नकाशावरचा ठिपका आणि छताचा फोटो. नोकरी सोडून आठ महिने झाले होते आणि पासवर्ड बदललेला नव्हता. तो पासवर्ड काय होता ते तुम्ही ओळखले असेल. तो पोरगा सरळ मनाचा होता म्हणून त्याने ते दाखवले.

दुसरा प्रसंग यापेक्षा कडवट आहे. यावल तालुक्यातील एका घराचा आणि त्यांच्या व्हेंडरचा शेवटच्या हप्त्यावरून वाद झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून इन्व्हर्टर बंद. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले की आमच्या नोंदीनुसार मालक तो व्हेंडर आहे, त्यालाच विचारा. अठ्ठावीस दिवस संच नुसता ऊन खात उभा होता. चूक कोणाची होती त्या वादात मी पडत नाही. पैसे खरेच बाकी असतील. पण थकबाकी वसूल करण्याचे रीतसर मार्ग आहेत, आणि दुसऱ्याच्या छतावरची वीज घरी बसून बंद करणे हा त्यांतला मार्ग नव्हे. शेवटी खरेदीचे बिल, नेट मीटरचा करार आणि इन्व्हर्टरच्या सिरीयल क्रमांकाचा फोटो कंपनीला पाठवून खाते मालकाच्या नावावर करून घेतले, तेव्हा संच सुरू झाला.

म्हणून व्हेंडरला घरी बोलवा, चहा पाजा, आणि तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाईल क्रमांकावर खाते उघडून घ्या. बहुतेक ॲपमध्ये मालक आणि इन्स्टॉलर अशा दोन वेगळ्या भूमिका असतात. मालक तुम्ही असा, आणि देखभालीसाठी व्हेंडरला इन्स्टॉलर म्हणून जोडा, म्हणजे गरज संपली की त्याला काढण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो. त्याला पूर्ण तोडून टाकू नका; पाच वर्षांची देखभाल त्यालाच करायची आहे, आणि बिघाड त्याला आधी दिसला तर फायदा तुमचाच आहे. सूर्यघरच्या पोर्टलवरील नोंदणीही याच वेळी तपासा, कारण तिथेही व्हेंडरने आपला मोबाईल क्रमांक टाकलेला मी पाहिला आहे. ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. त्याचे संदेश कोणाच्या फोनवर जातात ही क्षुल्लक बाब नाही.

लोकेशनचे म्हणाल तर त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आसपासचे वायफाय किंवा ब्लूटूथ शोधायचे असेल तर ॲपला लोकेशनची परवानगी घ्यावीच लागत असे, आणि डाँगल शोधण्यासाठी ॲपला नेमके तेच करायचे असते. नव्या आवृत्त्यांत त्यासाठी स्वतंत्र परवानगी आहे, पण अनेक कंपन्यांनी ॲप बदललेले नाही. जोडणी करताना ‘फक्त ॲप वापरताना’ अशी परवानगी द्या आणि काम झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या. आलेख त्यानंतरही दिसत राहतो. संपर्क यादी किंवा फोन कॉलची परवानगी मागितली तर मात्र सरळ नाकारा. ऊन मोजायला तुमच्या भाच्याचा नंबर लागत नाही.

वायफायचा पासवर्ड डाँगलला द्यावाच लागतो, पण तो घरच्या मुख्य वायफायचा असायला हवा असे नाही. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते, ते सुरू करा आणि डाँगल व सीसीटीव्ही कॅमेरे त्यावर टाका, म्हणजे त्यांच्यात काही शिरले तरी तुमच्या बँकेच्या ॲपचा फोन वेगळ्या खोलीत राहतो. बहुतेक डाँगल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे गेस्ट नेटवर्क त्याच पट्ट्यात ठेवा, नाहीतर जोडणीच होणार नाही आणि दोष माझ्यावर येईल. आणखी एक: डाँगल स्वतःचेही एक वायफाय सोडत असतो, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेला, माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. तो बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते अशाच न बदललेल्या पासवर्डच्या जोरावर.

हे सगळे नकोच असेल तर इंटरनेट काढून टाकले तरी संच वीज बनवत राहतो, हे अनेकांना माहीत नसते. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला इंटरनेट लागत नाही. त्याला लागते ती महावितरणची लाईन, आणि म्हणूनच लाईट गेली की भर दुपारीही तो बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला मागून करंट लागू नये म्हणून ती व्यवस्था आहे, तो बिघाड समजू नका. इंटरनेट काढले तर रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचा आकडा वहीत लिहायची सवय मात्र लागेल. वॉरंटीच्या दाव्यात काही कंपन्या ऑनलाइन नोंदी मागतात, म्हणून मी स्वतः माझ्या घरचा डाँगल जोडलेलाच ठेवला आहे.

वही ठेवण्याचा सल्ला मी ॲप वापरणाऱ्यांनाही देतो, आणि त्याचे कारण खानदेशचा उन्हाळा आहे. आता या ॲपमध्ये एआय आले आहे आणि ते ‘तुमचा संच कमी वीज देत आहे, पॅनेल स्वच्छ करा’ असे संदेश पाठवते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर गेला की काळी पॅनेल सहज ७० अंशांपर्यंत तापतात. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का कमी होते, म्हणजे ७० अंशांवर जवळजवळ १६ टक्के वीज उष्णतेतच जाते. कोणी हातभर कपडा घेऊन कितीही पुसले तरी ती परत येत नाही. उलट भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून काच तडकल्याचे मी पाहिले आहे. धुवायचे तर सूर्योदयापूर्वी धुवा. दुसरे, गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) अनेक छते सोलरची झाली आणि दुपारी कोणाचाच वापर नसला की लाईनचे व्होल्टेज चढते. ते २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टपुढे गेले की नियमानुसार इन्व्हर्टर लाईनपासून सुटतो. ॲपला ते ‘कमी उत्पादन’ दिसते, तुम्हाला धूळ दिसते, आणि खरा दोष डीपीच्या टॅपिंगमध्ये, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त ठेवण्याच्या जोडणीत, असतो. इन्व्हर्टरच्या इव्हेंट यादीत ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे किती वेळा आले ते मोजा आणि ती यादी घेऊन महावितरणच्या उपविभागात जा.

स्मार्ट मीटरविषयी थोडक्यात. आपल्याकडील मीटर वापराची नोंद १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांत ठेवतात. मी वर सांगितलेला गिझर आणि मोटारीचा बारीक आलेख त्यातून तेवढा स्पष्ट निघत नाही. घरात माणसे आहेत की नाहीत, झोपतात केव्हा, एवढे मात्र निघते. नेदरलँडमध्ये याच मुद्द्यावर २००९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटरची सक्ती फेटाळली. अमेरिकेत नेपरविल शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की १५ मिनिटांच्या नोंदी गोळा करणे ही घराची झडतीच आहे, पण पोलिसांच्या हेतूने नसल्याने ती अवाजवी ठरत नाही. मला हा दुसरा निकाल अधिक समजूतदार वाटतो: मोजा, पण वीजबिलापलीकडे ती माहिती कोणाला देणार ते सांगा. सोलर असलेल्या घराला नेट मीटर लागतेच, आणि दिवसाच्या वापरावर सवलत मिळते तीही मीटरने तासांचा हिशेब ठेवला तरच. ते नाकारून तुमचा फायदा नाही.

सौर पंपाच्या कंट्रोलरमधील सिमकार्ड कृपया काढू नका. सरकारी योजनेतील पंपाला दूरस्थ देखरेखीची ती पेटी बंधनकारक असते, आणि पाच वर्षांच्या देखभालीत पंप खरोखर किती चालला याचा पुरावा तोच असतो. ती पेटी पंप किती तास चालला हे सांगते. यावल-रावेरच्या पट्ट्यात बोअरची खोली दरवर्षी कशी वाढत गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशा ठिकाणी कोणता शेतकरी किती उपसा करतो ही माहिती उद्या कोणाच्या तरी टेबलावर येईल, हे गृहीत धरून चला. मला स्वतःला त्यात गैर वाटत नाही, पण ती माहिती गावालाही दिसली पाहिजे, फक्त कार्यालयाला नव्हे.

कायद्याचे पाठबळ किती, तर काही प्रमाणात आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ती लागू झाल्यावर तुमची माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय आहे. (अहिराणी त्या यादीत नाही, हे सांगताना मला बरे वाटत नाही.) अनुदान देण्यासाठी शासनाला मात्र संमतीखेरीज माहिती वापरण्याची मुभा आहे, त्यामुळे सौर पंपाबाबत हा कायदा फारसा कामी येणार नाही.

देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर दीड दशकात आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर पाठवणे आपल्याला चहा मागवण्याइतके सोपे झाले आहे. सोलरच्या फाइलीसाठी व्हेंडरला द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार चालते का ते आधी विचारा. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर ‘केवळ सोलर अर्जासाठी’ असे तारखेसह आडवे लिहा.

केळीच्या पानांच्या फोटोंबद्दल माझी चिंता वेगळी आहे. पानाचा फोटो गेल्याने तुमचे काही जात नाही. फोटोसोबत ठिकाण नोंदवले जाऊ नये असे वाटत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, एवढे पुरे. सातबारा, बँकेचे पासबुक, फार्मर आयडी असले काही मात्र कोणत्याही चॅटबॉटला वाचायला देऊ नका. धोका चुकीच्या सल्ल्याचा आहे. आमच्या घरच्या बागेत कोवळ्या पानावर पिवळ्या रेघा दिसल्या तेव्हा मी गंमत म्हणून दोन वेगवेगळ्या एआय ॲपना तोच फोटो दाखवला. एकाने जस्ताची कमतरता सांगितली, दुसऱ्याने करपा सांगून बुरशीनाशकाचे नाव दिले. झाडाला हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), झाला होता. तो विषाणू आहे, त्याला बरे करणारी फवारणी नाही. मावा किडीवर लक्ष ठेवायचे आणि रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचे. औषधाची वाट पाहण्यात गेलेला आठवडा शेजारच्या ओळीला भोवतो. एआयला विचारा, पण उपटायचे की फवारायचे हे जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा कृषी विज्ञान केंद्राला झाड दाखवून ठरवा.

राहिला मुलाचा शेवटचा मुद्दा, एआयच्या विजेचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. म्हणजे मुलगा म्हणतो ती वाढ खरी आहे. पण तुमच्या घराचा हिशेब वेगळा निघतो. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनीच्या एका मध्यम मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास लागतात असे सांगितले. हा कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, त्यात मॉडेल तयार करण्यासाठी लागलेली वीज नाही, आणि व्हिडिओ बनवायला याहून कितीतरी जास्त लागते. तरीही तो धरून चालू. रोज पन्नास प्रश्न विचारले तर वर्षाला सव्वाचार-साडेचार युनिट होतात. तुमचे छत दिवसाला सरासरी १२ युनिट देते, म्हणजे वर्षभराचे प्रश्न एका सकाळच्या उन्हात फिटतात. तुमची ५ एचपीची मोटार एक तास चालली की त्यात पंधरा हजारांवर प्रश्न बसतात. आणि ते छत वर्षाला जे ४३००-४४०० युनिट बनवते, तेवढी वीज दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांवर चालणाऱ्या आपल्या ग्रिडमधून घेतली असती तर सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. मुलाला हा हिशेब स्वतः मांडू द्या. दुसऱ्याने सांगितलेल्या हिशेबावर त्या वयात विश्वास बसत नाही, माझाही बसत नसे.

एक सांगायचे राहिले. प्रश्नासोबत तुम्ही इन्व्हर्टरचा आणि डाँगलच्या लेबलचा जो फोटो पाठवला आहे, त्यात सिरीयल क्रमांक आणि क्यूआर कोड दोन्ही स्वच्छ वाचता येतात. अनेक ॲपमध्ये नवा प्लँट जोडायला तेवढेच लागते. तो फोटो आणखी कुठे टाकला असेल तर आधी काढून टाका, आणि मग व्हेंडरला फोन करा.